'चेक इंजिन'चा दिवा : खबर वेगळी, फैसला वेगळा

व्यापारी माणसाच्या दारात उभी असलेली गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती दुकानाचाच एक भाग आहे. गाडी एक दिवस बंद राहिली तर माल अडतो आणि माल अडला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. असे असूनही आपल्यापैकी बहुतेकांना आपल्या गाडीची फारच थोडी माहिती असते. कापडाचा पोत आपण दोन बोटांत धरून सांगतो. पण गाडीच्या मीटरवर एक पिवळा दिवा लागला की आपले सारे शहाणपण संपते. त्या दिव्याविषयी काही कामाच्या गोष्टी या लेखात सांगावयाच्या आहेत. त्या आम्ही पुस्तकातून कमी आणि खिशातले पैसे गेल्यावर जास्त शिकलो.

आमचा अनुभव

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीत माल उचलायचा आणि ठाणे, कल्याण, मुंबईच्या दुकानांना पोहोचवायचा. त्यासाठी २०१८ सालची एक लहान व्हॅन आहे. ती पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालते. २०२२ साली बकरी ईदला आठ-दहा दिवस उरले होते. मागणी जोरात होती. अशा ऐन वेळी मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. गाडी मात्र नेहमीसारखी चालत होती. ना आवाज, ना धक्का, ना धूर.

ओळखीच्या गॅरेजवर गेलो. कारागिराने स्कॅनर लावला. पडद्यावर 'पी ०१३५' असा कोड आला. तो म्हणाला, "सेठ, ऑक्सिजन सेन्सरचा कोड आहे." आम्हाला घाई होती. आम्ही म्हटले, "मग बघतोस काय? बदलून टाक." सेन्सर आणि मजुरी मिळून साडेचार हजार रुपये गेले. दिवा विझला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्याणच्या वाटेवर तोच दिवा पुन्हा लागला. कोडही तोच.

आम्ही गॅरेजवर जाऊन त्या कारागिराला चार माणसांदेखत बोलू नये ते बोललो. नकली माल बसवलास, फसवलेस, असेही म्हणालो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. खरा प्रकार तिसऱ्या दिवशी कळला. तो पुढे सांगूच. पण आधी हा दिवा म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे.

हा दिवा कशासाठी आला?

पुष्कळांना वाटते की हा दिवा इंजिन वाचविण्यासाठी असतो. हे अर्धेच खरे आहे. या दिव्याचा जन्म मुख्यतः धुराच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मोटारींच्या धुराने हवा फार बिघडली होती. तेथील सरकारने १९८८ च्या मॉडेलपासून नियम केला की, धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बिघडली तर गाडीने स्वतःच चालकाला सांगितले पाहिजे. पुढे १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व मोटारींना एकच पद्धत लागू झाली. स्कॅनर जोडण्याची जागा एक आणि सर्वसाधारण बिघाडांचे कोडही एक.

आपल्या देशात बीएस-चारच्या गाड्यांना या पद्धतीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा, अधिक कडक टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आले आणि तपासणी आणखी बारीक झाली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. गाडी गुळगुळीत चालत असतानाही दिवा लागू शकतो, कारण बिघाड चालण्यात नसून धुराच्या हिशेबात असू शकतो. म्हणून 'गाडी चालते आहे ना, मग राहू द्या' हेही चूक आणि दिवा लागताच 'इंजिन गेले' म्हणून घाबरणे हेही चूक.

यंत्रमागाचे उदाहरण

आपल्या वाचकांत यंत्रमागवाले पुष्कळ आहेत. त्यांना हा विषय एका उदाहरणाने चटकन कळेल. माग चालू असताना आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. मागाने एवढेच सांगितले की धागा आला नाही. का आला नाही, हे माग सांगत नाही. कांडी संपली असेल, सूत कच्चे असेल, धोट्याच्या भोकाला धार आली असेल किंवा धोटा नीट फेकला जात नसेल. हे शोधणे कारागिराचे काम. माग थांबला की दर वेळी नवा धोटा आणणारा कारागीर मालकाला महिन्याभरात बुडवील.

गाडीचा कोड हा त्या थांबलेल्या मागासारखा आहे. ती खबर आहे, फैसला नव्हे. खबर मिळाल्यावर तपास करायचा असतो आणि तपासानंतर फैसला. आम्ही खबरीलाच फैसला समजलो आणि साडेचार हजारांना मुकलो.

प्रथम दिवा कसा लागला आहे ते पाहा

(१) चावी फिरवल्यावर, इंजिन चालू होण्यापूर्वी हा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर तो विझतो. ही दिव्याची स्वतःची परीक्षा आहे.

(२) दिवा स्थिर पिवळा असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर हातातला माल पोहोचवण्यास सहसा हरकत नाही. मात्र एक-दोन दिवसांत तपासणी करून घ्यावी.

(३) दिवा उघडझाप करीत असेल तर गोष्ट गंभीर आहे. याचा अर्थ असा की इंजिन 'मिसिंग' करीत आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. ते न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि अति उष्णतेने कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे महाग धातू असतात. अशा वेळी लगेच अॅक्सिलरेटर कमी करावा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. भरलेली गाडी घाटात रेटू नये.

(४) तेलाचा लाल दिवा किंवा पाणी तापल्याचा लाल दिवा यांचा 'चेक इंजिन'शी घोटाळा करू नये. लाल दिवा लागला तर ताबडतोब गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. तेथे 'पोहोचवून येऊ' हा विचार इंजिन खाऊन टाकतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकणही लगेच उघडू नये.

कोड कसा वाचावा?

चालकाच्या पायांच्या वर, डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्यात स्कॅनर लावून चावी फिरवली की कोड दिसतो. मोबाइलला जोडणारा साधा स्कॅनर आता सहज मिळतो. आम्ही घेतलेला तर हजार रुपयांच्या आतला आहे. तो इंजिनाचे कोड वाचतो, एवढे आपल्याला पुरे आहे. काम झाले की तो काढून ठेवावा; कायम लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते.

कोडात एक इंग्रजी अक्षर आणि मागे चार चिन्हे असतात. 'पी' म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखा चालण्याचा भाग, 'बी' म्हणजे बॉडी आणि 'यू' म्हणजे गाडीतील कॉम्प्युटरांची आपसांतली बोलचाल. अक्षरानंतर शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांत सारखा. एक असेल तर सहसा त्या कंपनीचा स्वतःचा. 'पी'च्या कोडात पुढचा आकडा भाग दाखवतो. एक आणि दोन म्हणजे हवा व इंधन, तीन म्हणजे ठिणगी आणि मिसिंग, चार म्हणजे धूर आटोक्यात ठेवणारी साधने, सात म्हणजे गिअरबॉक्स.

आता आमचा 'पी ०१३५' पाहा. त्याचा पूर्ण अर्थ 'ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष' असा आहे. ऑक्सिजन सेन्सर चांगला तापल्याशिवाय काम करीत नाही. तो लवकर तापावा म्हणून त्यात एक छोटा हीटर असतो. कोड 'सेन्सर खराब' असे म्हणत नव्हता. तो 'सर्किट' म्हणत होता. सर्किट म्हणजे फ्यूज, वायर, कनेक्टर, हीटर आणि कॉम्प्युटर, ही सगळी साखळी. साखळीची कोणती कडी तुटली, ते कोडात लिहिलेले नव्हते. कारागिराने 'सेन्सर' एवढाच शब्द पकडला आणि आम्ही तेवढाही नीट ऐकला नाही.

तिसऱ्या दिवशी काय झाले?

आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी स्कॅनरकडे फार वेळ पाहिले नाही. सायलेन्सरचा पाइप थंड होऊ दिला, सेन्सरचा कनेक्टर सोडला, मीटर वीस व्होल्टवर लावला आणि मुलाला इंजिन चालू करायला सांगितले. हीटरच्या वायरीवर बॅटरीइतका, म्हणजे बारा ते चौदा व्होल्ट दाब यायला हवा होता. काटा हललाच नाही. उस्ताद म्हणाले, "आधी वीज येते का ते बघावे, मग वस्तू बघावी. घरात दिवा लागला नाही तर तुम्ही आधी फ्यूज बघता की नवा बल्ब आणता?"

फ्यूज शाबूत होता. मग ते वायरीच्या मागे मागे गेले. इंजिनाच्या मागच्या बाजूला वायरीच्या जुडग्याची एक वायर कुरतडलेली सापडली. व्हॅन रात्री गोदामाशेजारी उभी राहते. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी इंजिनावर जाऊन बसतात, ही गोष्ट गोदामवाल्यांना नवीन नाही. उस्तादांनी वायरीला जोड दिला, वर नळी चढवली, कोड पुसला. तीनशे रुपये घेतले. त्यानंतर तो कोड पुन्हा आलेला नाही.

काढून ठेवलेला जुना सेन्सरही त्यांनी मीटरवर तपासला. हीटरच्या दोन वायरींमध्ये थोड्या ओहमचा विरोध दाखवीत होता, म्हणजे हीटर शाबूत होता. त्या कोडासाठी सेन्सर बदलण्याची गरजच नव्हती. नवा बसवलेला मालही नकली नव्हता. कारागिराने चोरी केली नव्हती. त्याने तपास न करता माल बदलला, आणि तपासाला वेळ आम्ही दिला नव्हता.

नेहमी भेटणारे काही कोड

'पी ०३०१' ते 'पी ०३०४' : पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे मिसिंग. शेवटचा आकडा सिलिंडरचा. 'पी ०३००' म्हणजे मिसिंग एका ठिकाणी ठरलेले नाही. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आहे, तेथे बिनपैशांची एक परीक्षा करता येते. समजा 'पी ०३०२' आला. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी चालवावी. आता 'पी ०३०३' आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणून कॉइल खराब. 'पी ०३०२'च राहिला तर कॉइल निर्दोष. मग याच रीतीने प्लग, त्यानंतर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन पाहावे.

सीएनजीवाल्यांनी एक जास्त गोष्ट करावी. गाडी पेट्रोलवर घेऊन पाहावी. गॅसला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरदार लागते. म्हणून प्लग किंवा कॉइल कमजोर झाली की मिसिंग आधी गॅसवर जाणवते. पेट्रोलवर गाडी साफ चालत असेल तर प्लग, कॉइल आणि गॅसचा फिल्टर व इंजेक्टर येथून सुरुवात करावी. दोन्हींवर सारखेच मिसिंग असेल तर दोष दोन्हींना लागणाऱ्या भागात शोधावा.

'पी ०१७१' : मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या साक्षीवरून येतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी सेन्सरच बदलला जातो. आधी हवेच्या पाइपाला चीर आहे का, फिल्टर चोंदला आहे का, पेट्रोलचा दाब पुरेसा आहे का ते पाहावे. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर आहे, तेथे स्कॅनरवरील 'फ्युएल ट्रिम'चा आकडा मदत करतो. गाडी जागेवर उभी असताना हा आकडा फार वर आणि रेस वाढवताच खाली आला तर बहुधा बाहेरची हवा शिरते आहे. रेस व भार वाढल्यावर आकडा आणखी चढत गेला तर इंधन कमी पडत असण्याचा संभव जास्त.

'पी ०४२०' : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसे काम करीत नाही. कन्व्हर्टर महाग असतो. तो बदलण्यापूर्वी सायलेन्सरच्या जोडातून गळती आहे का, इंजिन मिसिंग करते का, तेल जाळते का हे पाहिलेच पाहिजे. नाहीतर नवा कन्व्हर्टरही जुन्याच्याच वाटेने जाईल.

डिझेलचे पिकअप आणि टेम्पो : बीएस-सहा डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी तो पुरेसा तापावा लागतो. गाडी रोज गल्लीतून गोदाम आणि गोदामातून गल्ली एवढीच फिरली तर फिल्टर भरतो आणि त्याचा दिवा लागतो. अशा वेळी गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायवेवर एकसारख्या वेगाने काही वेळ चालवावी. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर पुढे गाडीची ताकद कमी होते आणि खर्च वाढतो. ज्या गाडीत युरियाचे द्रव वेगळे भरावे लागते, तेथे ते संपू देऊ नये.

कोड पुसण्याची घाई करू नये

पुष्कळ जण बॅटरीची वायर काढून दिवा विझवतात आणि काम झाले असे समजतात. याने रोग जात नाही, फक्त रोग्याची जबानी फाडली जाते. कोड पडला त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिन किती तापलेले, भार किती, ही नोंद कॉम्प्युटर जपून ठेवतो. तिला 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही जाते. म्हणून आधी कोड आणि नोंद कागदावर उतरवावी किंवा मोबाइलने फोटो काढावा, मग दुरुस्ती, आणि शेवटी कोड पुसणे.

पुष्कळसे दोष सलग दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो. म्हणून दुरुस्तीनंतर लगेच दिवा लागला नाही याचा अर्थ काम फत्ते झाले असा नाही. दोन-तीन दिवस थंड इंजिनापासून सुरुवात करून गाडी चालवावी आणि स्कॅनरवर 'पेंडिंग' म्हणून काही आले आहे का ते पाहावे. आम्ही पहिल्याच दिवशी खूश झालो होतो, तो आनंद दुसऱ्या संध्याकाळपर्यंतच टिकला.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

आपल्यात वापरलेल्या गाड्यांचा व्यवहार मोठा आहे. गाडी पाहताना चावी फिरवून 'चेक इंजिन'चा दिवा लागतो का ते आधी पाहा. तो मुळीच लागत नसेल तर दोष लपविण्यासाठी कोणी दिवाच बंद केला असण्याची शंका घ्यावी. नंतर स्कॅनर लावा. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे पुष्कळ गाड्या स्कॅनरवर दाखवतात. विकणारा म्हणतो 'वर्षभरात काही काम निघाले नाही' आणि स्कॅनर म्हणतो की कोड पुसून दहाच किलोमीटर झाले, तर सौदा घाईने करू नये. गाडी दोन दिवस चालवून पुन्हा पाहण्याची अट घालावी. विकणाऱ्यानेही माहीत असलेला दोष बोलून दाखवावा. तागा फाटका असेल तर आपण तो उलगडून दाखवतो आणि भाव कमी करतो. गाडीचा व्यवहार याहून वेगळा नाही.

गिऱ्हाईक आणि कारागीर

शेवटी थोडे दोन्ही बाजूंना. गॅरेज चालविणाऱ्या बंधूंनी बिलावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात : कोड कोणता आला, कोणती परीक्षा केली, परीक्षेत काय निघाले. त्याखाली बदललेला माल. काढलेला जुना माल गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. यात कागदाच्या चार ओळी जातात आणि भांडण टळते.

आपण गिऱ्हाइकांनी तपासणीची मजुरी वेगळी आणि खुशीने द्यावी. माल बदलला तरच पैसे द्यायचे अशी आपली सवय आहे. ज्याला फक्त माल विकूनच मजुरी सुटते, तो तपास कशाला करील? उस्तादांनी तासभर वायर शोधली आणि आम्ही तीनशे रुपये देताना मनात म्हटले की एका जोडाचे एवढे! खरे तर ते पैसे जोडाचे नव्हते, कुठे जोडायचे हे शोधण्याचे होते.

ईदनंतर आम्ही त्या पहिल्या गॅरेजवर गेलो. ज्या चार माणसांदेखत बोललो होतो, त्यांपैकी दोघे तेथे होते. त्यांच्यासमोरच सांगितले की दोष वायरीत निघाला, माल खरा होता, आणि घाई आमची होती. कारागिराने सेन्सर बदलण्याची मजुरी परत देऊ केली. आम्ही ती घेतली नाही. त्याला म्हटले, या पैशांत एक चांगला मीटर घे. आज आमच्या व्हॅनमध्ये एक छोटी वही असते. तारीख, किलोमीटर, कोड, काय तपासले आणि काय बदलले, एवढेच तीत लिहिलेले असते. गाडी कोणत्याही गॅरेजवर गेली तरी आधी ती वही पुढे करायची, असे आम्ही मुलाला सांगून ठेवले आहे.